‘वंदे मातरम’च्या चालीसाठी दिल्ली गाठणारे मास्टर कृष्णराव

झेंडावंदनाला राष्ट्रगीत सुरू झालं की आपण हात सरळ करून उभ्या राहतो. बावन्न सेकंदांचं काम! शाळेपासून अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे हेच गीत का, हीच चाल का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. पण मैत्रिणींनो, स्वातंत्र्यानंतरची पहिली अडीच वर्षं आपल्या देशाला ठरलेलं राष्ट्रगीतच नव्हतं. झेंडा ठरला होता, अशोकस्तंभाची मुद्रा आणि ‘सत्यमेव जयते’ हे ब्रीदही पुढे फारशी वादावादी न होता ठरलं. गीताचं घोडं मात्र अडलं. ब्रीदवाक्याचं काय असतं, ते नाण्यावर आणि सरकारी कागदावर छापलं की झालं. गीत मात्र लहान-थोर, सुरेल-बेसूर सगळ्यांच्या गळ्यातून निघायला लागतं. आणि ते बँडवरही वाजायला लागतं.

या बँडपायी एका मराठी गवयाने आपली मैफल, आपला संसार बाजूला ठेवून दिल्लीच्या वाऱ्या केल्या. त्यांचं नाव मास्टर कृष्णराव, म्हणजेच कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. आजच्या मुलींना हे नाव कदाचित माहीत नसेल, पण त्यांच्या आज्यांना विचारा! ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘कुलवधू’ ही नावं काढली की त्या गुणगुणायला लागतील. ही सगळी गाणी मास्तरांची.

मास्तरांचा जन्म 20 जानेवारी 1898 चा, देवाच्या आळंदीतला. आडनावातलं फुलंब्री हे मराठवाड्यातलं गाव. घरची परिस्थिती बेताचीच. लहान वयातच पोराचा गळा लोकांच्या नजरेत आला आणि कृष्णा नाटक कंपनीत गेला. त्या काळी नाटक कंपनीत गेलेला मुलगा म्हणजे हाताबाहेर गेलेला मुलगा, असंच लोक समजायचे. पण या मुलाचं नशीब बलवत्तर. ‘नाट्यकला प्रवर्तक’ कंपनीत बालनट म्हणून गात असतानाच त्याला गुरू मिळाले ते भास्करबुवा बखले.

भास्करबुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या पोटात घेऊन बसलेला माणूस. जयपूरची तालीम त्यांना मिळाली ती आपल्या कोल्हापूरच्या दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडून. तेव्हा मास्तरांच्या गाण्यात कोल्हापूरचं पाणी थोडंसं मुरलेलं आहे, असं मी म्हटलं तर आमच्या शाहूपुरीतल्या बायकांची बढाई समजू नका. बालगंधर्व हेही भास्करबुवांचेच शिष्य. 1922 मध्ये भास्करबुवा गेले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची जबाबदारी हळूहळू मास्तरांवर आली. ‘कान्होपात्रा’ 1931 साली रंगभूमीवर आलं. त्यातले अभंग बालगंधर्वांनी गायचे आणि चाली मास्तरांच्या. मास्तर स्वतःही रंग लावून उभे राहायचे.

पुढे बोलपट आले आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. प्रभात कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तिथे मास्तरांनी ‘धर्मात्मा’ (1935), ‘अमरज्योती’ (1936), ‘गोपालकृष्ण’ (1938), ‘माणूस’ (1939), ‘शेजारी’ (1941) अशा एकेका चित्रपटाला संगीत दिलं. ‘माणूस’मधलं शांता हुबळीकरांचं ते अनेक भाषांमधलं गाणं आठवतं ना? शास्त्रीय मैफलीत अनवट राग सहज मांडणाऱ्या या गवयाला रस्त्यावरच्या माणसाने शिट्टीवर वाजवावं असं गाणंही बांधता येत होतं. ‘वंदे मातरम’च्या बाबतीत त्यांच्या कामाला आली ती हीच विद्या.

बंकिमचंद्रांचं हे गीत 1882 च्या ‘आनंदमठ’ कादंबरीत आलं आणि 1896 मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात स्वतः रवींद्रनाथांनी ते गाइलं. 1905 च्या वंगभंगानंतर ती नुसती घोषणा, म्हणजे त्यातले पहिले दोन शब्द, उच्चारणंसुद्धा गुन्हा ठरायला लागलं. बंगालचं कशाला, मराठवाड्याचंच पाहा. 1938 मध्ये निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम’ म्हटलं म्हणून त्यांना कॉलेजातून काढून टाकलं. पुष्कळ मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला आणि त्यांचं शिक्षण पुरं झालं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्याच मुलांपैकी एक. घर सोडून, वर्ष बुडवून परक्या गावात जायची तयारी ठेवली ती एका गाण्यासाठी.

मास्तरांची गोष्टही साधारण त्याच सुमाराची. मुंबई रेडिओवर त्यांचं गाणं चालू होतं आणि त्यांनी ‘वंदे मातरम’ सुरू केलं. रेडिओ सरकारचा, सरकार इंग्रजांचं. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी प्रक्षेपणच बंद पाडलं. श्रोत्यांना घरी नुसती खरखर ऐकू आली असेल! मास्तरांनी त्यानंतर रेडिओवर गायचं सोडलं. त्या काळी गवयाला रेडिओचा कार्यक्रम म्हणजे नाव आणि बिदागी दोन्ही. पण हा माणूस हटला नाही. पुढे सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं आलं आणि त्यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये मास्तर पुन्हा रेडिओवर गाइले. आणि गाइले काय, तर तेच ‘वंदे मातरम’!

त्यांची चाल होती झिंझोटी रागातली. हा राग खमाज थाटातला. याची चलन लोकगीताला जवळची, फार खोल-फार उंच न जाणारी. ज्यांनी गाणं शिकलेलं नाही त्यांनाही पटकन धरता येणारी. मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. भास्करबुवांच्या या शिष्याला एखादा भारदस्त, अवघड राग घेऊन आपली विद्वत्ता दाखवता आली असती. पण सामुदायिक गाण्यात विद्वत्ता कामाची नसते. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात एकदा एका बाईंनी ‘वंदे मातरम’ इतक्या वरच्या पट्टीत धरलं, की पहिल्या कडव्यातच बाकीच्या सगळ्या जणी गप्प झाल्या आणि त्या एकट्याच शेवटपर्यंत गात राहिल्या. गाइल्या सुरेख हो, पण ते सगळ्यांचं गाणं राहिलं नाही. मास्तरांनी हा विचार आधीच करून ठेवला होता.

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री घटना समितीची बैठक सुरू झाली ती सुचेता कृपलानींच्या आवाजातल्या ‘वंदे मातरम’ने. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी तेच गीत गाइलं. सगळ्यांना वाटलं, ठरलंच आता. पण तसं झालं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती तिथल्या वाद्यवृंदाने बसवून वाजवली. परदेशी पाहुण्यांना ती चाल फार आवडली. पंतप्रधान नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 ला घटना समितीत याची सविस्तर हकिगत सांगितली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चालीला महत्त्व, आणि ‘वंदे मातरम’ कितीही प्रिय असलं तरी ते वाद्यवृंदावर, बँडवर नीट बसत नाही. प्रांतांच्या गव्हर्नरांचं मत विचारलं तेव्हा एक सोडून सगळ्यांनी ‘जन गण मन’ला होकार दिला होता. तो एक कुठला? नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा!

बँडवर बसत नाही, हा आक्षेप मास्तरांना लागला. बँडची अडचण काय असते ती थोडी समजून घेऊ या. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड, म्हणजे रेशमाच्या धाग्यासारखं घसरत जाणं. बँडच्या तुताऱ्या-कर्ण्यांना ती घसरण जमत नाही, त्यांना प्रत्येक स्वर सुटा आणि नेमका लागतो. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीत चार वाद्यं एकाच वेळी चार वेगळे स्वर वाजवतात आणि त्यांचा मेळ कानाला गोड लागतो. हे सगळं कागदावर त्यांच्या लिपीत लिहून दिलं तरच लंडनचा असो की न्यूयॉर्कचा, कुठलाही बँड ते वाजवू शकतो. त्यातून चाल कूच करायला योग्य हवी, पावलं पडतील अशी. आणि आटोपशीर हवी, कारण सलामीला सैनिक किती वेळ ताटकळणार?

पन्नाशीला आलेले मास्तर मग विद्यार्थी झाले. मुंबईच्या पोलिस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर नावाचे इंग्रज गृहस्थ होते, त्यांच्याकडे ते गेले. झिंझोटीतली चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली, मेळ बसवला, बँडवर वाजवून घेतली. नौदलाच्या बँडच्याही मंडळींचा सल्ला घेतला. डोळ्यांसमोर आणून बघा, एकीकडे धोतर-कोट-टोपीतले मास्तर पेटीवर स्वर दाखवताहेत आणि दुसरीकडे इंग्रज साहेब ते पाच ओळींत लिहून घेतोय. ज्या गाण्यासाठी काल इंग्रजांच्या राज्यात रेडिओ बंद पाडला गेला, तेच गाणं आज एक इंग्रज मनापासून बसवतोय! दोघांना जोडणारी भाषा सुरांची.

ही तयारी घेऊन मास्तर दिल्लीला गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नेहरूंना आणि घटना समितीच्या सभासदांना त्यांनी चाल ऐकवली, एकट्याने गाऊन, समूहाकडून गाऊन घेऊन, बँडवर वाजवून. लांब होतेय म्हटलं तर छोटी करून आणली. मागे कुठली संस्था नाही, सरकारी भत्ता नाही. प्रवास आपल्याच खिशातून. ऐन भराच्या काळात मैफली आणि चित्रपट बाजूला ठेवून हा उद्योग. त्यांच्या घरातल्या बाईने हे दिवस कसे काढले असतील, असा विचार माझ्या मनात येतोच. अशा ध्येयवेड्या माणसांच्या चरित्रात घर कोण चालवत होतं ते एका ओळीतही सापडत नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ‘वंदे मातरम’ अडलं ते फक्त चालीवर नव्हे. या गीताच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमीला दुर्गेचं रूप दिलं आहे. त्यामुळे पुष्कळ मुसलमान देशबांधवांची ते म्हणायला हरकत होती. म्हणूनच 1937 मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन फक्त पहिली दोन कडवी म्हणायचं ठरवलं होतं. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हा विचार दिल्लीत कोणाच्या मनात नसेल, हे शक्यच नाही. पण बोलून दाखवला जायचा तो बँडचा आक्षेप. मास्तर सरळ माणूस. जो प्रश्न विचारला त्याचं त्यांनी चोख उत्तर दिलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गवयाकडे कुठून असणार? नेहरूंनी त्यांना फसवलं असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. पस्तीस कोटींच्या घरात कुणालाही परकं वाटू नये ही काळजीही खोटी नव्हती. पण ज्याने जीव ओतला त्याला खरी अडचण स्पष्ट सांगितली असती तर बरं झालं असतं, एवढं मात्र वाटतं.

गंमत बघा, ज्या ‘जन गण मन’ची चाल बँडला सोपी म्हणून पसंत पडली, तिच्या स्वरलिपीमागेही एक परदेशी हात आहे, आणि तो एका बाईचा! मार्गारेट कझिन्स या आयर्लंडहून आलेल्या संगीत शिकलेल्या बाई. 1919 मध्ये रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्लीला त्यांच्या कॉलेजात राहिले होते, तेव्हा या बाईंनी गीताची चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली. याच मार्गारेटबाईंच्या धडपडीतून अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली आणि तिचं पहिलं अधिवेशन जानेवारी 1927 मध्ये आपल्या पुण्यात भरलं. त्यांच्या आयर्लंडची कथाही आपल्यासारखीच आहे. तिथलं राष्ट्रगीत आधी इंग्रजीत लिहिलेलं. इंग्रजांशी लढणाऱ्या पोरांच्या तोंडी ते होतं. 1926 मध्ये ते राष्ट्रगीत झालं आणि नंतर त्याचं आयरिश भाषेतलं भाषांतरच जास्त रूढ झालं. रोजच्या व्यवहारात इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा त्या दोन मिनिटांपुरती आपल्या जुन्या भाषेत गातात. आपण तरी काय करतो? रोज मराठी बोलतो आणि उभं राहून बंगाली कवींचं संस्कृतप्रचुर गीत गातो, आणि ते आपलंच वाटतं.

शेवटी 24 जानेवारी 1950 उजाडला. घटना समितीची ही शेवटची बैठक. मतदान झालं नाही, ठराव मांडला गेला नाही. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसादांनी निवेदन केलं, की ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम’ला त्याच्या बरोबरीचा मान असेल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सभासदांनी घटनेच्या प्रतींवर सह्या केल्या आणि अखेरीस दोन्ही गीतं झाली. ‘जन गण मन’ म्हणायला पुढे होत्या पूर्णिमा बॅनर्जी, म्हणजे अरुणा असफअली यांच्या भगिनी. आपलं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन (1 मार्च 1949) तेव्हा जेमतेम अकरा महिने होत होते. म्हणजे इथल्या बायकापोरांना छत्रपतींचा मुजरा विसरून नव्या झेंड्याला सलामी द्यायची सवय अजून लागत होती, तोवर गीतही ठरलं.

मास्तरांचं गाणं असं अर्धं जिंकलं, अर्धं हरलं. बरोबरीचा मान मिळाला, पण चाल कोणाची हे सरकारने ठरवलं नाही. पुढे आकाशवाणीवर रोज सकाळी लागणारं ‘वंदे मातरम’ देस रागातलं. आमच्या पिढीने सांगली केंद्र लावून चहाचं आधण ठेवताना ऐकलं ते तेच, त्यामुळे आपल्या कानात देस बसला आणि झिंझोटी मागे राहिली.

मास्तर रुसून बसले नाहीत. भास्करबुवांनी 1911 मध्ये पुण्यात काढलेल्या भारत गायन समाजाचं काम त्यांनी पुढे चालवलं, ‘रागसंग्रह’चे भाग लिहून शिकणाऱ्यांची सोय केली. नवशिक्या मुलामुलींना स्वरलिपी करून देणं हे काम मोठ्या गवयांना कमीपणाचं वाटायचं, मास्तरांना वाटलं नाही. ‘कीचकवध’ (1959) या चित्रपटालाही त्यांनी संगीत दिलं.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती 1956 ची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध धम्म स्वीकारणार होते. हजारो वर्षं देवळाबाहेर उभ्या केलेल्या लाखो माणसांना आता प्रार्थनेसाठी स्वतःचे सूर हवे होते. पाली भाषेतली बुद्धवंदना लोकांना एकत्र म्हणता यावी म्हणून बाबासाहेबांनी चालीसाठी बोलावलं ते मास्टर कृष्णरावांना. आळंदीत जन्मलेला, अभंग-नाट्यपदं गाणारा हा गवई पालीचे उच्चार समजून घेऊन बसला आणि त्याने साधी, संथ, सगळ्यांना पेलणारी चाल बांधली. या वेळी बँड नव्हता, समिती नव्हती, आक्षेप नव्हते. दिल्लीत सामुदायिक गाण्याचा जो अभ्यास केला होता तो असा कामी आला. आमच्या महिला मंडळातल्या मैत्रिणी विहारात शांतपणे वंदना म्हणतात. कोणत्याही पेटीशिवाय, कुणी पट्टी न देता पन्नास जणींचे आवाज एकत्र लागतात. ते ऐकताना मला मास्तरांची आठवण येते.

1971 मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात ते गेले.

नोव्हेंबर 2025 पासून ‘वंदे मातरम’च्या दीडशे वर्षांचे कार्यक्रम देशभर सुरू झाले. भाषणं झाली, शाळांतून सामूहिक गायन झालं. मास्तरांच्या झिंझोटीची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, मोबाइलवरही मिळतात. पुढच्या झेंडावंदनाच्या आधी मंडळात एकदा ती लावा आणि मागोमाग गाऊन बघा. पट्टी मात्र खालची धरा, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजींनाही गाता येईल.